कमरेला पिस्तूल लावून बाजारात : अमेरिकेतील शस्त्रहक्काविषयी वाचकांचे प्रश्न

ज्यांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत अशा वाचकांकडून एकाच विषयावर इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर त्याच विषयाला द्यावे असे ठरवले. कुणाच्या पत्रात काळजी आहे, कुणाच्या पत्रात कुतूहल आहे, आणि एका पत्रात तर ठाम समर्थन आहे. सारख्या शंका एकत्र करून पुढे उत्तरे दिली आहेत. ती वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी, ती ही की शस्त्र बाळगण्याबाबत अमेरिकेत केंद्राचे काही कायदे असले तरी बाकीचा सारा कारभार पन्नास राज्यांच्या हाती आहे, आणि एका राज्यात जे बिनबोभाट चालते त्याच गोष्टीसाठी दुसऱ्या राज्यात तुरुंगात जावे लागू शकते.

प्रश्न : मुलाकडे डॅलसला गेलो असता किराणा दुकानात आमच्या पुढे उभ्या असलेल्या गृहस्थाच्या कमरपट्ट्याला पिस्तूल दिसले. कुणी वळूनही पाहिले नाही. मुलगा म्हणाला, "इथे चालतं, बाबा. परवानासुद्धा लागत नाही." हे खरे आहे का? – एक निवृत्त शिक्षक, नाशिक

आपल्या चिरंजिवांनी सांगितले ते खरे आहे. टेक्सास राज्याने २०२१ मध्ये केलेला कायदा त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून अमलात आला, आणि ज्याला शस्त्र बाळगण्यास अन्य कोणत्या कायद्याने मनाई नाही अशा २१ वर्षांवरील व्यक्तीला पिस्तूल जवळ ठेवून हिंडण्यासाठी तेव्हापासून परवान्याची गरज उरली नाही. पिस्तूल कपड्यांखाली झाकलेले असले तरी चालते. उघडे दिसत असेल तर ते होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, असले पाहिजे. अशी मोकळीक देणारी राज्ये २०२४ च्या अखेरीस २९ झाली होती. व्हरमाँटने असा परवाना कधी मागितलाच नाही. अलास्काने २००३ मध्ये आणि ॲरिझोनाने २०१० मध्ये परवान्याची अट काढली, आणि पुढे दक्षिणेतील व मध्य भागातील बहुतेक राज्ये त्याच वाटेने गेली.

टेक्सासमध्ये हे पूर्वापार चालत आले असावे असे आपल्याला वाटते, कारण तसे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते. इतिहास मात्र वेगळा आहे. यादवी युद्धानंतर, १८७१ मध्ये, टेक्सासनेच पिस्तूल जवळ बाळगण्यावर बंदी घातली. प्रवासी, तसेच ज्याला तत्काळ हल्ल्याची सबळ भीती आहे असा मनुष्य, असे काही अपवाद होते. पण बंदीचा गाभा सव्वाशे वर्षे टिकला. ॲरिझोनातील टूमस्टोन गावी १८८१ मध्ये झालेली चकमक जगप्रसिद्ध आहे, आणि त्या चकमकीला निमित्त झालेल्या गोष्टींपैकी एक होती गावात शस्त्र घेऊन हिंडू नये हा गावाचाच नियम. म्हणजे ज्या काळाचा दाखला देऊन आज मोकळीक मागितली जाते त्या काळी गावात शिरताना शस्त्र जमा करण्याची पद्धत पश्चिमेकडील अनेक वस्त्यांत होती.

बदलाचे कारण एका दारुण घटनेत आहे. १६ ऑक्टोबर १९९१ रोजी टेक्सासमधील किलीन येथे एका उपाहारगृहात माथेफिरूने २३ माणसे मारली. आईवडिलांबरोबर तेथे जेवायला गेलेल्या सुझाना हप यांनी आपले रिव्हॉल्व्हर कायद्याच्या धाकाने गाडीतच ठेवले होते. त्यांचे आई आणि वडील दोघेही त्या दिवशी गेले. पुढे त्या राज्याच्या विधिमंडळात निवडून आल्या आणि राज्याराज्यांत जाऊन त्यांनी हीच हकिगत साक्षीत सांगितली. तिच्या सच्चेपणाविषयी शंका घेण्याचे धाडस विरोधकांनाही झाले नाही. १९९३ मध्ये गव्हर्नर ॲन रिचर्ड्स यांनी या दिशेचे एक विधेयक नकाराधिकार वापरून रोखले. १९९५ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी परवान्यानिशी झाकलेले पिस्तूल बाळगण्यास मान्यता देणाऱ्या कायद्यावर सही केली. परवान्यानिशी उघडे पिस्तूल २०१६ पासून चालू लागले आणि २०२१ मध्ये परवान्याचीही अट गेली.

दुकानमालकाला मात्र आपल्या जागेत मनाई करता येते. टेक्सासच्या दारांवर ३०.०६ आणि ३०.०७ असे आकडे असलेल्या पाट्या आपण पाहिल्या असतील. ती दंडसंहितेतील कलमे आहेत : पहिली पाटी झाकलेल्या पिस्तुलाला मनाई करते, दुसरी उघड्या पिस्तुलाला. मजकूर इंग्रजी व स्पॅनिश दोन्ही भाषांत आणि अक्षरे किमान एक इंच उंचीची असली पाहिजेत इतका बारकावा कायद्यात आहे. ज्या मद्यालयाच्या दारावर लाल रंगात ५१ टक्के असे लिहिलेले असते, म्हणजे ज्याचे निम्म्याहून अधिक उत्पन्न तेथेच प्यायल्या जाणाऱ्या मद्यातून येते, तेथे परवानाधारकालाही पिस्तूल नेता येत नाही. एल पासो येथे ऑगस्ट २०१९ मध्ये वॉलमार्टच्या दुकानात हत्याकांड झाल्यावर त्या कंपनीने ग्राहकांना उघडी शस्त्रे आणू नयेत अशी विनंती केली आणि आणखी काही मोठ्या दुकानांनी तिचे अनुकरण केले. आपण पाहिलेल्या दुकानात बहुधा तशी पाटी नसावी.

प्रश्न : हा हक्क त्यांच्या राज्यघटनेत नेमका कसा लिहिला आहे? आणि इतकी माणसे मरत असताना त्यांना घटना बदलता येत नाही का? – एक प्राध्यापक, सोलापूर

१७९१ मध्ये मंजूर झालेली दुसरी घटनादुरुस्ती एका वाक्याची आहे. आशय असा की, सुव्यवस्थित नागरी सेना स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक असल्यामुळे, शस्त्रे ठेवण्याच्या व बाळगण्याच्या जनतेच्या हक्कावर गदा आणली जाणार नाही. वाक्याचा पूर्वार्ध सेनेविषयी बोलतो आणि उत्तरार्ध जनतेच्या हक्काविषयी. पूर्वार्धाने उत्तरार्धाला मर्यादा पडते की नाही, हा सारा वाद आहे. १९३९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नळी कापलेल्या बंदुकीच्या एका प्रकरणात नागरी सेनेशी असलेल्या संबंधावर भर दिला, आणि त्यानंतर कित्येक दशके या दुरुस्तीच्या आधारे कुणाचा कायदा रद्द झाला नाही.

२००८ मध्ये चित्र पालटले. वॉशिंग्टन शहरात १९७६ पासून घरात पिस्तूल ठेवण्यावर जवळजवळ पूर्ण बंदी होती. डिक हेलर नावाच्या सुरक्षारक्षकाने तिला आव्हान दिले आणि पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने ठरवले, की हा हक्क व्यक्तीचा आहे, तो सेनेत असण्यावर अवलंबून नाही, आणि स्वतःच्या घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवता आले पाहिजे. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती स्कालिया यांनी त्याच निकालात असेही नमूद केले, की हा हक्क अमर्याद नाही, आणि शाळा व सरकारी इमारतींसारख्या संवेदनशील ठिकाणी शस्त्रे नेण्यास मनाई करणाऱ्या कायद्यांवर या निकालाने शंका उपस्थित होत नाही. दोन वर्षांनी शिकागोच्या प्रकरणात हा हक्क राज्यांवर आणि शहरांवरही बंधनकारक ठरला.

तोवर प्रश्न घरापुरता होता. रस्त्यावरच्या पिस्तुलाचा प्रश्न २३ जून २०२२ रोजी निकालात निघाला. न्यूयॉर्क राज्यात १९११ च्या कायद्यापासून परवाना देणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर होते. अर्जदाराला इतरांपेक्षा वेगळे असे सबळ कारण दाखवावे लागे, आणि 'मला माझे रक्षण करायचे आहे' हे कारण पुरेसे धरले जात नसे. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, मेरीलँड, कॅलिफोर्निया आणि हवाई या सहा राज्यांत व राजधानीत अशी पद्धत होती. सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती थॉमस यांनी त्यापुढे जाऊन अशी कसोटी घालून दिली, की शस्त्रांवरचे कोणतेही बंधन देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी जुळत असेल तरच ते टिकेल. त्या बंधनाने किती जीव वाचतात याची तुलना न्यायालयाने करायची नाही.

या निकालाचे दोन भाग मी वेगवेगळे पाहतो. अधिकाऱ्याच्या मर्जीवर परवाना सोडणे चुकीचे होते, हे मला पटते. १९५६ मध्ये माँटगोमेरी येथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब टाकला गेला. त्यानंतर त्यांनी पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला आणि तो नाकारण्यात आला. अलाबामात त्या वर्षी त्यांच्याहून अधिक सबळ कारण कुणाकडे असेल? १९६७ मध्ये ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे तरुण बंदुका घेऊन ओकलंडच्या पोलिसांवर नजर ठेवू लागले, तेव्हा कॅलिफोर्नियाने भरलेली बंदूक सार्वजनिक ठिकाणी बाळगण्यावर बंदी घालणारा कायदा केला आणि त्यावर गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी सही केली. २०२२ च्या खटल्यातही न्यूयॉर्कच्या गरीब आरोपींची बाजू मांडणाऱ्या कृष्णवर्णीय वकिलांनी न्यायालयाला कळवले होते, की या परवाना कायद्याचा वरवंटा त्यांच्या अशिलांवरच फिरतो. मर्जीचा कायदा दुबळ्याच्या विरुद्ध वापरला जातो, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

परंतु इतिहासाची कसोटी मला मान्य होत नाही. ज्या काळी एक गोळी झाडून पुन्हा बार भरावा लागे, ज्या काळी पत्नीला मारहाण हा घरगुती मामला समजला जाई, त्या काळाने एखादे बंधन घातले नाही म्हणून आजच्या विधिमंडळाने ते घालू नये, हे तर्काला धरून नाही. याचे प्रत्यंतर लवकरच आले. घरगुती हिंसेबद्दल न्यायालयाने मनाई हुकूम दिलेल्या माणसाकडे शस्त्र असू नये, असा केंद्राचा कायदा आहे. १८ व्या शतकात तसा कायदा नव्हता म्हणून एका अपील न्यायालयाने तो रद्द केला. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने तो पुन्हा उभा केला, आणि आपली कसोटी शब्दशः जुना कायदा शोधण्याची नाही, असा खुलासा मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांना करावा लागला. विरोधात एकच मत पडले, ते न्यायमूर्ती थॉमस यांचे.

घटना बदलण्याबद्दल आपण विचारले आहे. त्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश बहुमत आणि ५० पैकी ३८ राज्यांची संमती लागते. २९ राज्यांनी परवानासुद्धा काढून टाकलेल्या देशात ते होणे नाही.

प्रश्न : माझी मुलगी ऑस्टिनच्या विद्यापीठात एम.एस. करते. वर्गात शेजारी बसलेल्या मुलाकडे पिस्तूल असू शकते, असे ती म्हणते. शाळा-कॉलेजे तरी यातून वगळलेली नाहीत का? – एक आई, पुणे

प्राथमिक-माध्यमिक शाळा आणि विद्यापीठे यांत फरक आहे. शाळांच्या परिसरात शस्त्र नेण्यास केंद्राने १९९० मध्ये मनाई केली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा केंद्राच्या अधिकाराबाहेरचा म्हणून रद्द केल्यावर दुसऱ्या वर्षी तो सुधारून पुन्हा केला गेला. मात्र राज्याचा परवाना असलेल्यांना त्यात सूट आहे, त्यामुळे शाळांबाबतही राज्यांचे कायदे महत्त्वाचे ठरतात. विद्यापीठे त्या कायद्यात येत नाहीत. टेक्सासमधील सरकारी विद्यापीठांत परवानाधारकाला झाकलेले पिस्तूल नेता येते, आणि हा नियम १ ऑगस्ट २०१६ रोजी लागू झाला. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, १ ऑगस्ट १९६६ रोजी, आपली कन्या शिकते त्याच ऑस्टिनच्या विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून एका माजी सैनिकाने गोळीबार करून माणसे टिपली होती. विद्यापीठातील अनेक प्राध्यापकांनी या नियमाला विरोध केला, काहींनी न्यायालयात दाद मागितली, पण उपयोग झाला नाही. खासगी विद्यापीठांना नकार देण्याची मुभा होती आणि जवळजवळ सर्वांनी ती वापरली. दिलासा द्यायचा तर एवढा, की विद्यापीठाच्या आवारात परवान्याची अट अजून कायम आहे, आणि उघडे पिस्तूल चालत नाही.

संवेदनशील ठिकाणे कोणती, हाच आता खरा झगडा आहे. मर्जीने परवाना नाकारता येत नाही म्हटल्यावर न्यूयॉर्कने २०२२ मध्ये आठवडाभरातच नवा कायदा करून ठिकाणांची लांबलचक यादी केली : टाइम्स स्क्वेअर, भुयारी रेल्वे, उद्याने, ग्रंथालये, रुग्णालये, प्रार्थनास्थळे, नाट्यगृहे. न्यायमूर्ती थॉमस यांनी आधीच बजावले होते, की गर्दी आहे आणि पोलीस आहेत एवढ्याच कारणाने अख्खे मॅनहॅटन संवेदनशील ठरवता येणार नाही. यादीतील बरीच ठिकाणे अपिलात टिकली. हवाई राज्याने २०२३ मध्ये वेगळी तऱ्हा योजली. टेक्सासमध्ये मालकाने मनाईची पाटी लावली नाही तर पिस्तूल चालते. हवाईने ठरवले की मालकाने स्पष्ट परवानगी दिली तरच दुकानात वा हॉटेलात पिस्तूल आणता येईल. मालक गप्प राहिला तर त्याच्या मौनाचा अर्थ काय लावायचा, असा हा प्रश्न आहे, आणि तो सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सुनावणीसाठी घेतला. मला हवाईचे बरोबर वाटते. ज्या जागेत शंभर माणसे निःशस्त्र येतात तेथे विचारण्याचे ओझे शस्त्र आणणाऱ्यावर असावे. या साऱ्या वादात हक्क असणारा माणूस नेहमी पिस्तूलवाला असतो. ग्रंथालयात गोष्टीचे पुस्तक शोधणारे मूल, आपल्या कन्येसारखी विद्यार्थिनी, मॉलमधला झाडूवाला, यांनाही त्या जागेवर निर्धास्तपणे वावरण्याचा तेवढाच हक्क आहे आणि त्याची नोंद न्यायालयाच्या कसोटीत कुठेच होत नाही.

प्रश्न : माझा भाचा एच-१बी व्हिसावर नॉर्थ कॅरोलायनात आहे. मित्र त्याला शूटिंग रेंजवर नेतात. त्याने स्वतःचे पिस्तूल घ्यावे असा त्यांचा आग्रह आहे. घ्यावे का? – एक मामा, ठाणे

कृपया हे उत्तर त्याला आजच पाठवावे. पिस्तूल घेऊ नये, आणि रेंजवर जाण्याचेही थांबवावे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक, पिस्तूल किंवा काडतुसे जवळ ठेवण्यास मनाई आहे. विद्यार्थी व्हिसा, एच-१बी, त्यावर अवलंबून असलेल्या जोडीदाराचा एच-४, आणि आपण घेऊन जातो तो पर्यटक व्हिसा, हे सगळे त्यात येतात. राज्यात परवाना लागत नाही याचा येथे काही संबंध नाही. घेतलेले पिस्तूल आपल्या मालकीचे नाही, मित्राचे आहे, ही सबबही चालत नाही, कारण कायद्याला मालकी नको आहे, ताबा पुरेसा आहे, आणि रेंजवर भाड्याने घेतलेले पिस्तूल हातात धरणे हाही ताबा धरला जाऊ शकतो. २०२२ पासून या गुन्ह्याला १५ वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. शिवाय शस्त्रविषयक गुन्हा सिद्ध झाल्यास तो देशातून बाहेर काढण्याचे स्वतंत्र कारण ठरतो. म्हणजे ग्रीन कार्डासाठी वर्षानुवर्षे लावलेली रांग एका रविवारच्या हौसेने संपू शकते.

हे नुसते कागदावरचे भय नाही. संयुक्त अरब अमिरातीतून आलेल्या रेहाइफ नावाच्या एका विद्यार्थ्याला नापास झाल्यामुळे फ्लोरिडातील शिक्षणसंस्थेने काढले, व्हिसाचा आधार गेला, आणि नंतर त्याने रेंजवर जाऊन गोळ्या झाडल्या. त्याला शिक्षा झाली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की आपण मनाई असलेल्या वर्गात मोडतो हे त्याला ठाऊक होते, असे सरकारने सिद्ध केले पाहिजे. त्यातून कायदा सैल झाला नाही. फक्त पुराव्याचे ओझे वाढले. आपल्या भाच्याला तर आता हे पत्र वाचल्यावर ठाऊक नव्हते असेही म्हणता येणार नाही.

अपवाद आहेत. त्यांतला नेहमीचा असा, की एखाद्या राज्याचा वैध शिकारपरवाना ज्याच्याकडे आहे त्याला ही मनाई लागू होत नाही, आणि काही मराठी मुले तेवढ्यासाठी तो काढतात असे ऐकतो. त्या आधारावर पाऊल टाकायचे असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला पैसे देऊन विचारावे, मित्रांना विचारू नये. ग्रीन कार्ड मिळाल्यावर केंद्राची ही मनाई उरत नाही. दुकानातून घेताना भरावयाच्या केंद्रीय अर्जात नागरिकत्व आणि व्हिसाविषयी थेट प्रश्न असतात आणि त्यांची खोटी उत्तरे देणे हा वेगळा गुन्हा आहे.

प्रश्न : गुंडाकडे पिस्तूल असतेच. मग सज्जनाने निःशस्त्र का राहावे? चार माणसांकडे पिस्तूल असेल तर माथेफिरू हल्ला करण्यापूर्वी दहा वेळा विचार करील. – एक माजी सैनिक, सातारा

आपण ज्या शिस्तीत शस्त्र हाताळले त्या शिस्तीतून हा प्रश्न आला आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देणे अवश्य आहे. आपल्या म्हणण्याला आधार आहे. १७ जुलै २०२२ रोजी इंडियाना राज्यातील ग्रीनवुड येथील मॉलमध्ये एका हल्लेखोराने तिघांना ठार केले, आणि पंधरा सेकंदांच्या आत तेथेच असलेल्या २२ वर्षांच्या एका तरुणाने आपल्या पिस्तुलाने त्याला पाडले. मॉलच्या नियमानुसार तेथे शस्त्र आणायला मनाई होती. त्या तरुणाने किती जीव वाचवले हे सांगता येणार नाही, पण वाचवले यात संशय नाही.

त्याच्या वर्षभर आधी, २१ जून २०२१ रोजी, कोलोरॅडोतील आर्वाडा येथे एका माणसाने पोलीस अधिकाऱ्याला मारले. एक धाडसी नागरिक आपले पिस्तूल घेऊन बाहेर आला आणि त्याने हल्लेखोराला पाडले. नंतर त्याने हल्लेखोराची बंदूक उचलली, तेवढ्यात दुसरा पोलीस आला, आणि हाती बंदूक असलेला हाच हल्लेखोर असे समजून त्याने या नागरिकावर गोळी झाडली. तो मेला. सैन्यात गणवेश असतो, हुकूम असतो, कोण कुठे आहे हे ठाऊक असते. मॉलमध्ये यांतले काहीच नसते. आणि मिनेसोटात २०१६ मध्ये एका परवानाधारक कृष्णवर्णीय माणसाने गाडी थांबवणाऱ्या पोलिसाला, आपल्याजवळ पिस्तूल आहे, असे स्वतःहून नम्रपणे सांगितले, आणि काही क्षणांत पोलिसाच्या गोळ्यांनी त्याचा जीव गेला. त्या पोलिसाला पुढे न्यायालयाने निर्दोष सोडले. बाळगण्याचा हक्क सर्वांना सारखा लाभत नाही, हे या घटनेने जेवढे स्पष्ट केले तेवढे कोणत्याही निबंधाने केले नसते.

एकेका घटनेवरून ठरवू नये म्हणून अभ्यासांकडे वळू. १९९७ मध्ये जॉन लॉट व डेव्हिड मस्टर्ड यांनी असा निष्कर्ष मांडला, की पिस्तूल बाळगण्याचे परवाने सहज मिळू लागले की हिंसक गुन्हे घटतात, आणि तो विधिमंडळांतून फार वापरला गेला. २००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने ती आकडेवारी तपासून सांगितले, की तीवरून घटतात किंवा वाढतात असे काहीच म्हणता येत नाही. २०१९ मध्ये स्टॅनफर्डचे जॉन डोनोह्यू आणि सहकारी यांनी अधिक वर्षांची आकडेवारी घेऊन दाखवले, की असे कायदे झालेल्या राज्यांत दहा वर्षांनी हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण, कायदा झाला नसता तर अपेक्षित होते त्यापेक्षा, १३ ते १५ टक्के अधिक होते. सज्जन परवानाधारक गुन्हे करू लागतात असा याचा अर्थ नव्हे. गाडीत ठेवलेले पिस्तूल चोरीला जाते, किरकोळ भांडण हातघाईवरून गोळीवर जाते, आणि समोरचा सशस्त्र असेल या भयाने गुन्हेगारही सशस्त्र होऊन येतो.

आणखी एक गोष्ट, जी या वादात दोन्ही बाजू मागे ठेवतात. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे गेली. त्यांतील २६,३२८ आत्महत्या होत्या, म्हणजे निम्म्याहून अधिक. ज्या पिस्तुलाने गुंडाला अडवायचे ते घराच्या कपाटात असते, आणि नैराश्याच्या एका रात्री हाताशी येते. विष वा अन्य मार्ग निवडलेले पुष्कळ जण वाचतात आणि नंतर जगतात. गोळी झाडून घेतलेले बहुतेक वाचत नाहीत. म्हणून माझे म्हणणे असे की, परवाना असावा, तो कुणाच्या मर्जीवर नसावा, त्याच्यासाठी प्रशिक्षण आणि पार्श्वभूमीची तपासणी सक्तीची असावी. २०२२ च्या निकालातही न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी स्वतंत्र मतपत्रात असे परवाने चालतील असे स्पष्ट लिहिले आहे. २९ राज्यांनी तेवढेही ठेवले नाही, याचे मला दुःख आहे.

प्रश्न : अमेरिकेतील शस्त्रसमर्थक गांधीजींचा दाखला देतात, असे वाचले. हे कसे शक्य आहे? आणि आपल्या घटनेत हा हक्क का नाही? – एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

दाखला देतात, आणि शब्द गांधीजींचेच आहेत. प्रसंग मात्र सांगत नाहीत. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ मध्ये झालेल्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र ठेवता येईना, युरोपीयांना मात्र त्यातून सूट होती. साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इंग्रजांच्या दुष्कृत्यांतील सर्वांत काळा ठरेल, असे गांधीजींनी १९१८ मध्ये लिहिले, ते खेडा जिल्ह्यात पहिल्या महायुद्धासाठी सैन्यभरती करताना काढलेल्या पत्रकात. शस्त्र चालवायला शिकायचे असेल तर सैन्यात या, असा त्याचा रोख होता. राग होता तो वंशभेदाचा आणि राष्ट्राच्या मानहानीचा. दुकानात पिस्तूल लावून जाण्याशी त्याचा संबंध जोडणे अन्याय्य आहे.

तरीही आपल्या राष्ट्रीय चळवळीत ही मागणी होती, हे आपण विसरलो आहोत. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला त्यात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला असेल, असे कलम होते. त्याच आधारावर डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी हा हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती सुचवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ती नाकारली. प्रत्येकाला बाजारात जाऊन हल्ल्याची साधने बिनअटकाव विकत घेता येऊ लागली तर राज्याचा कारभार चालणार कसा, याची आपल्याला कल्पना करता येत नाही, असे त्यांनी सांगितले. ज्यांच्या समाजाला गावगुंडांचे अत्याचार पिढ्यान्‌पिढ्या सोसावे लागले त्या नेत्याने हे सांगावे, याला फार मोठे वजन आहे. खुल्या बाजारात शस्त्रे कुणाच्या हाती आधी पडतात, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने आपल्याकडे परवानापद्धत कायम ठेवली, २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, आणि निवडणूक आली की परवानाधारकांना शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितले जाते, हे आपण दर वेळी पाहतोच. त्या पद्धतीतही मर्जी आणि वशिला आहे. त्याबद्दल स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे.

प्रश्न : सहा महिन्यांसाठी मुलीकडे ओहायोला जात आहोत. आम्ही काय काळजी घ्यावी? – एक दांपत्य, रत्नागिरी

गाडी पोलिसांनी थांबवली तर गाडीतून उतरू नये, हात दिसतील असे ठेवावेत, आणि कागद काढण्यासाठी पिशवीत किंवा कप्प्यात हात घालण्यापूर्वी तसे सांगून मगच हालचाल करावी. नातवंडे ज्या घरी खेळायला जातात त्या घरी शस्त्र आहे का आणि असल्यास ते कुलपात असते का, हे विचारण्यात तेथे अवमान मानला जात नाही; मुलांचे डॉक्टरसुद्धा विचारायला सांगतात. आपल्याला संकोच वाटेल, म्हणून ते काम कन्येकडे सोपवावे. परत येताना जावयाची किंवा त्याच्या मित्राची उसनी बॅग आणत असाल तर विशेष दक्षता घ्यावी. अमेरिकेच्या विमानतळांवर २०२३ मध्ये हातसामानात ६,७३७ बंदुका सापडल्या आणि त्यांतील सुमारे ९३ टक्के भरलेल्या होत्या. बहुतेक प्रवाशांचे म्हणणे एकच, की बॅगेत आहे हे विसरलो. भारतात तर बॅगेच्या अस्तरात राहिलेले एक जिवंत काडतूससुद्धा शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा नोंदवायला पुरते. ते जाणूनबुजून जवळ ठेवले नव्हते, हे मान्य करून उच्च न्यायालयांनी असे अनेक गुन्हे रद्द केले आहेत, पण तोवर विमान चुकलेले असते आणि वकील करावा लागलेला असतो. उसन्या बॅगेचा प्रत्येक कप्पा निघण्याच्या आदल्या दिवशीच रिकामा करून पाहावा.